तीन हजार सॅम्पल, लॅम्डा १.१८ : नेमकं कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पीएचडीचं दुसरं वर्ष, टाइप २ डायबेटिसचे १६०० पेशंट (केस) आणि १४०० कंट्रोल (आजार नसलेले), सगळे पश्चिम महाराष्ट्रातले, साधारण साडेसहा लाख मार्करची (माणसामाणसांत बदलणाऱ्या डीएनएतल्या जागांची) चिप. प्लिंक या सॉफ्टवेअरमध्ये साधं असोसिएशन (कोणता मार्कर आजाराशी जोडलाय ते बघणारी चाचणी) चालवलं तर लॅम्डा १.१८ आला. एक सीनियर म्हणतात बोल्ट वापर, दुसऱ्या म्हणतात रेजेनी, ऑनलाइन कोर्समध्ये हेल शिकवतायत. आर (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) येतं, लिनक्स जेमतेम. वेळ कमी आहे, तर एकच सॉफ्टवेअर नीट शिकायचं झालं तर कोणतं?

एका ओळीतलं उत्तर आहे प्लिंक. पण तुमचं खरं दुखणं सॉफ्टवेअर नाहीये, तो १.१८ आहे. तो कुठून आला हे कळल्याशिवाय बोल्ट घ्या की रेजेनी घ्या, आकडा खाली येईल कदाचित, पण का आला ते कळणार नाही आणि थिसिसच्या तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतील.

लॅम्डा म्हणजे काय ते आधी बघू, कारण बरेच जण तो फक्त पास-नापासचा आकडा म्हणून वापरतात. सगळ्या मार्करच्या काय-स्क्वेअर किमती (आजाराशी संबंध किती जोरदार दिसतो त्याचे आकडे) ओळीने लावायच्या, बरोबर मधली घ्यायची, आणि काहीच संबंध नसता तर मधली किंमत जी आली असती (०.४५५) तिने भागायचं. फुगवटा नसेल तर उत्तर १ च्या आसपास येतं. म्हणजे हा आकडा टोकाच्या दहा-वीस सिग्नलबद्दल बोलतच नाही, तो सांगतो की मधला, सर्वसामान्य मार्करसुद्धा थोडासा फुगलाय. लाखो लोकांच्या अभ्यासात असा फुगवटा खराखुरा असू शकतो, कारण डायबेटिससारख्या आजारात हजारो जागा थोडा थोडा हातभार लावतात आणि सॅम्पल मोठं झालं की ते दिसायला लागतं. तुमच्या ३००० लोकांत ते कारण पुरत नाही. १००० केस आणि १००० कंट्रोलच्या मापात आणलं तरी तुमचा लॅम्डा साधारण १.१२ येतो, तो जास्तच आहे. एलडी स्कोअर रिग्रेशनने खरा फुगवटा आणि खोटा फुगवटा वेगळा करता येतो असं तुम्ही वाचलं असेल, पण इतक्या छोट्या सॅम्पलवर त्याचं उत्तर डळमळतं, शिवाय त्याच्यासोबत जे तयार एलडी स्कोअर (मार्कर शेजारच्या मार्करशी किती जोडलेला आहे त्याचं माप) मिळतात ते युरोपियन लोकांचे असतात. तेव्हा तो मार्ग सध्या सोडा.

मग उरतात तीन कारणं. एक, केस आणि कंट्रोल वेगळ्या समाजगटांतून आलेत. दोन, सॅम्पलमध्ये नातेवाईक आहेत. तीन, केस आणि कंट्रोल वेगवेगळ्या वेळी किंवा वेगळ्या प्लेटवर (लॅबमध्ये एकत्र चालवायच्या सॅम्पलचा ट्रे) चिपवर गेलेत. तुमच्याकडे यातलं कोणतं हे मला इथून सांगता येणार नाही, ते सॅम्पल कसं गोळा झालं त्यावर आहे, पण तिन्ही तपासायला जे लागतं ते प्लिंकमध्येच आहे म्हणून मी प्लिंक म्हणतेय.

प्लिंक २००७ साली शॉन पर्सेल आणि सहकाऱ्यांनी आणलं, पुढे क्रिस्टोफर चँगने ते आतून नव्याने लिहून १.९ आणि २.० केलं. आज या क्षेत्रातलं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर प्लिंकची बेड-बिम-फॅम ही तीन फाइलांची जोडणी वाचतं. या फाइल एकदा उघडून बघाच. फॅममध्ये माणसं, बिममध्ये मार्कर, आणि बेडमध्ये फक्त जिनोटाइप (त्या जागी माणसाकडे कोणते दोन अलील, म्हणजे डीएनएचे पर्यायी रूप, आहेत), प्रत्येकाला दोन बिट. एका बाइटमध्ये चार माणसं बसतात, म्हणजे एका मार्करसाठी तुमचे ३००० लोक ७५० बाइटमध्ये, आणि साडेसहा लाख मार्कर धरले तर अख्खी फाइल ५०० एमबीच्याही आत. हाच डेटा जुन्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये आठ जीबीच्या आसपास जातो. हे कळलं की लॅपटॉपवर काम का होतं ते कळतं, आणि नंतर कुठलं तरी सॉफ्टवेअर फाइल वाचताना अडलं तर तुम्ही घाबरत नाही.

एक सापळा मात्र पहिल्याच दिवशी लक्षात घ्या. प्लिंक १.९ प्रत्येक वेळी फाइल लिहिताना जो अलील कमी लोकांत आहे त्याला पहिला अलील करून टाकतं. तुम्ही काही माणसं वगळलीत, एखाद्या मार्करची फ्रिक्वेन्सी ०.४९ वरून ०.५१ झाली, की अलीलची अदलाबदल, आणि आधीच्या रनमध्ये जो धोका वाढवणारा होता तो आता कमी करणारा दिसतो. १.९ मध्ये अलीलचा क्रम तसाच ठेवायचा फ्लॅग आहे, तो प्रत्येक कमांडमध्ये टाका, किंवा सरळ २.० वापरा, त्यात रेफरन्स आणि अल्टरनेट अलील जागच्या जागी राहतात. दोन अभ्यासांचे निकाल जोडताना परिणामाची दिशा उलटी आलीये असं मी कितीतरी वेळा बघितलंय, आणि बहुतेक वेळा कारण हेच निघालं.

आता तिन्ही कारणांकडे वळू, शेवटच्यापासून सुरुवात करते कारण त्यावर औषध नाही.

आठेक वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टमध्ये होते, पैसे आले तसे आधी पेशंट चिपवर घातले आणि दीडेक वर्षाने कंट्रोल, मधल्या काळात त्याच चिपची पुढची आवृत्ती आली होती. निकाल आला तेव्हा आम्हाला तीन "नवीन" जीन मिळाले होते. आम्ही त्या जीनबद्दल वाचत बसलो, एकाचा इन्सुलिनशी संबंधही सापडला (मनात असलं की सापडतोच), त्यात दोन महिने गेले. मग एका मॅडमनी विचारलं, शेजारचे मार्कर कुठायत? मॅनहॅटन प्लॉटमध्ये (सगळ्या मार्करचे निकाल जिनोमच्या क्रमाने ठिपक्यांत मांडलेलं चित्र) खरा सिग्नल एकटा नसतो, आजूबाजूचे मार्कर त्याच्याबरोबर वारसाने आलेले असतात म्हणून तेही थोडेथोडे वर उचललेले दिसतात, आमचे तिन्ही ठिपके मोकळ्या आभाळात एकेकटे लटकत होते. तेव्हा कुठे क्लस्टर प्लॉट काढले, ज्यात एका मार्करसाठी माणसं जिनोटाइपप्रमाणे तीन ढगांत पडतात. जुन्या चिपवर तीन स्वच्छ ढग, नवीनवर मधला ढग शेजारच्यात मिसळलेला. जीन वगैरे काही नव्हतं, मशीनने लोकांना चुकीच्या ढगात टाकलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट, लॅबकडून कोणता सॅम्पल कोणत्या प्लेटवर, कोणत्या तारखेला होता ती यादी मागवा. केस आणि कंट्रोल प्रत्येक प्लेटवर मिसळलेले असतील तर नशीब चांगलं. मग प्लिंक १.९ मधली टेस्ट-मिसिंग चालवा, ती केस आणि कंट्रोलमध्ये डेटा गहाळ होण्याचं प्रमाण वेगळं आहे का ते प्रत्येक मार्करसाठी सांगते, आणि वेगळं असेल तो मार्कर काढा. त्याशिवाय एक साधी युक्ती आहे जी मी आता प्रत्येक वेळी करते: फक्त कंट्रोल घ्यायचे, अर्ध्या प्लेट "केस" धरायच्या आणि असोसिएशन चालवायचं. खरं तर काहीच यायला नको. जे येतं ते प्लेटचं. पण जर सगळे केस एका बॅचमध्ये आणि सगळे कंट्रोल दुसऱ्यात असतील तर आजार आणि बॅच एकमेकांपासून वेगळेच करता येत नाहीत, आणि हे स्पष्ट सांगते, जगातलं कुठलंही मॉडेल तिथे उपयोगाचं नाही. मग गाइडशी बोलून काही सॅम्पल दोन्हीकडून पुन्हा एकत्र चिपवर घालावे लागतात. बोलायला अवघड वाटतं, पण आत्ता बोललेलं बरं.

उरलेल्या दोन कारणांआधी चाळण्या, म्हणजे खराब मार्कर आणि सॅम्पल गाळायचे निकष. ट्युटोरियलमध्ये जे आकडे असतात (गहाळ २ टक्के, हार्डी-वाइनबर्गसाठी, म्हणजे जिनोटाइपचं प्रमाण अलीलच्या फ्रिक्वेन्सीशी जुळतं का बघणाऱ्या टेस्टसाठी, अमुक पी व्हॅल्यू, हेटेरोझायगॉसिटी, म्हणजे दोन वेगळे अलील असलेल्या जागांचं प्रमाण, सरासरीच्या तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आत) ते बहुतेक युरोपियन डेटावर बसवलेले आहेत. गव्हाची चाळणी बाजरीला लावली तर बाजरीचे दाणे खाली पडणार, त्यात बाजरीचा दोष नाही.

हार्डी-वाइनबर्गचंच घ्या. समजा एका समाजात एखादा अलील ०.२ आहे आणि दुसऱ्यात ०.६, आणि तुमच्या सॅम्पलमध्ये दोन्ही निम्मे निम्मे. सरासरी ०.४, त्यावरून हेटेरोझायगोट (दोन वेगळे अलील असलेले लोक) ४८ टक्के असायला हवेत, पण प्रत्यक्षात पहिल्या गटात ३२ आणि दुसऱ्यात ४८, म्हणजे मिळून ४० टक्केच निघतात. टेस्ट म्हणणार मार्कर खराब. मार्कर उत्तम आहे, लोक दोन गटांतले आहेत एवढंच. आपल्याकडे लग्नं पिढ्यानपिढ्या जातीत-पोटजातीत होत आलीत, त्यामुळे हा परिणाम अगदी एका जिल्ह्यातल्या सॅम्पलमध्येही दिसतो. उलट बाजूला, हेटेरोझायगोट अपेक्षेपेक्षा खूप जास्त दिसले तर ते जवळपास नेहमी चिपची चूक असते. प्लिंक २.० च्या हार्डी-वाइनबर्ग फिल्टरला "कीप-फ्यूहेट" नावाचा पर्याय आहे, तो लावला की हेटेरोझायगोट कमी असलेले मार्कर तो ठेवतो आणि जास्त असलेलेच काढतो. आपल्या डेटासाठी मी तोच लावते, आणि टेस्ट फक्त कंट्रोलवर करते, कारण पेशंटमध्ये खऱ्या सिग्नलमुळेही तोल बिघडू शकतो.

माणसांच्या हेटेरोझायगॉसिटीचंही तसंच. ज्याची खूप जास्त आहे त्याच्या ट्यूबमध्ये दुसऱ्या कुणाचं रक्त मिसळलं असण्याची शक्यता मोठी, त्याला काढा. ज्याची कमी आहे तो मात्र बहुतेक वेळा नात्यातल्या लग्नाचं अपत्य असतो. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे बऱ्याच समाजांत आहे, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात जिनोमचा सोळावा भाग, म्हणजे सव्वासहा टक्के, दोन्हीकडून एकाच पूर्वजाचा आलेला असतो, आणि दक्षिणेत काही ठिकाणी मामा-भाची लग्न होतं तिथे आठवा भाग. ही खरी माणसं आहेत, त्यांना "आउटलायर" म्हणून टाकून देणं म्हणजे आपल्याच लोकसंख्येचा एक तुकडा अभ्यासातून पुसणं. प्लिंकमध्ये रन्स ऑफ होमोझायगॉसिटी (दोन्ही प्रती सारख्याच असलेले सलग पट्टे) काढता येतात. लांब लांब सलग पट्टे दिसले तर नात्यातलं लग्न, पट्टे नसून सगळीकडे विखुरलेली कमतरता दिसली तर डीएनए खराब. फरक डोळ्यांनी कळतो. मी स्वतः या बाजूला आपोआप कट लावायचं बंद केलंय.

आता नातेवाईक. जुन्या ट्युटोरियलमध्ये पाय-हॅट (दोन माणसांचं नातं मोजणारा आकडा) काढायला सांगतात. तो काढताना प्लिंक असं धरतं की सगळे एकाच लोकसंख्येतले आहेत. एका छोट्या समाजातले दोन अनोळखी लोकही मग चुलत भावंडं दिसतात आणि तुम्ही ३००० पैकी ६०० लोक काढून बसता. त्याऐवजी किंग हे सॉफ्टवेअर वापरा, त्याची पद्धत प्लिंक २.० मध्येही आहे, ती फ्रिक्वेन्सीवर अवलंबून न राहता दोन माणसांची थेट तुलना करते. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, ०.३५४ च्या वर एकच माणूस किंवा एकसारखी जुळी, ०.१७७ ते ०.३५४ आईबाप-मुलं आणि सख्खी भावंडं, ०.०८८ ते ०.१७७ दुसरी पायरी (आजोबा-नातू, काका-पुतणे), त्याखाली ०.०४४ पर्यंत चुलत-मावस. आरोग्य शिबिरातून सॅम्पल घेतले असतील तर पहिल्या गटाकडे नीट बघा. तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात आला, नावाचं स्पेलिंग वेगळं लागलं, आणि दोन आयडी झाले. एक पेशंट म्हणून आणि तोच कंट्रोल म्हणूनही सापडलाय मला, कारण मधल्या काळात साखर वाढली होती.

हे सगळं झालं की समाजगटांसाठी पीसीए, म्हणजे माणसांमधला जेनेटिक फरक थोड्या अक्षांवर (पीसी) मांडायची पद्धत. त्याआधी मार्कर विरळ करायचे (५० ची खिडकी, ५ ची उडी, दोन मार्करच्या साम्याचं माप असलेला आर-वर्ग ०.२ हे चालतं), आणि काही भाग हाताने काढायचे, सहाव्या क्रोमोसोमवरचा एचएलएचा (प्रतिकारशक्तीच्या जीनचा) पट्टा आणि आठव्यावरचं मोठं इन्व्हर्जन (उलटा फिरलेला तुकडा) तरी नक्की, नाहीतर पीसी माणसांबद्दल न बोलता त्या एका पट्ट्याबद्दल बोलायला लागतो. नातेवाईक बाजूला ठेवून पीसी काढा, मग त्यांना त्यावर प्रोजेक्ट करा. आणि चित्र तीनदा काढा: एकदा केस-कंट्रोलचे रंग, एकदा प्लेटचे रंग, एकदा सॅम्पल कुठल्या हॉस्पिटलमधून किंवा गावातून आला त्याचे रंग. तुमचा १.१८ कुठून येतोय त्याचं उत्तर दहात आठ वेळा या तीन चित्रांत मिळतं. पेशंट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधले आणि कंट्रोल आजूबाजूच्या गावांतले असं असेल तर पहिल्याच चित्रात दोन रंग वेगळे पडलेले दिसतील.

समाजगटाचा मुद्दा मी इतका लावून धरतेय कारण तो आपल्याकडे खरंच मोठा आहे. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून दक्षिण आशियातले २६० हून जास्त गट तपासले, त्यातल्या ८१ गटांमध्ये फाउंडर इफेक्ट फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला. म्हणजे थोड्या पूर्वजांपासून वाढलेले, आपापसांतच लग्न करणारे गट. त्यामुळे "सगळे मराठीच तर आहेत" हे जेनेटिक्सच्या दृष्टीने पुरेसं नाही.

इथपर्यंत जे आलं ते एका दमात: प्लेटची यादी, गहाळ डेटाची केस-कंट्रोल तुलना, हार्डी-वाइनबर्ग एका बाजूने, हेटेरोझायगॉसिटी फक्त वरच्या बाजूने, नाती किंगने, मग पीसीए तीन रंगांत. हे नीट केलंत की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि अजून प्लिंकच्या बाहेर पाऊलही टाकलेलं नाही.

आता तुमच्या सीनियर लोकांचा मुद्दा. दोघांचंही चुकीचं नाही, फक्त ती सॉफ्टवेअर कशासाठी जन्माला आली ते बघा. नातेवाईक आणि गट दोन्ही असतील तर मिक्स्ड मॉडेल लागतं, ज्यात प्रत्येक जोडीचं जेनेटिक साम्य मॉडेलमध्ये घातलेलं असतं. तुमच्या ३००० लोकांच्या जोड्या होतात साधारण ४५ लाख, हे लॅपटॉपला सहज जमतं. यूके बायोबँक या ब्रिटनच्या मोठ्या डेटासंग्रहात पाच लाख लोक आहेत, जोड्या १२,५०० कोटी, तिथे हा तक्ता बनवणंच परवडत नाही. म्हणून २०१५ मध्ये बोल्ट-एलएमएम आलं, त्याचेच लेखक सांगतात की ५००० हून कमी लोकांसाठी ते वापरू नका. २०१८ मध्ये सेज आलं, जिथे पेशंट फार थोडे आणि कंट्रोल प्रचंड असतात अशा असमतोलासाठी, तुमच्याकडे १६०० ला १४०० आहेत म्हणजे तो त्रास नाही. २०२१ मध्ये रेजेनी आलं, दोन टप्प्यांत काम करतं, एकाच वेळी शेकडो आजारांवर चालवता येतं, फार छान बांधलंय. पण तुमच्याकडे एकच आजार आहे आणि लोक ३०००.

तुमच्या जागी मी असते तर प्लिंकनंतरच्या या एका पायरीसाठी जीसीटीए किंवा जेम्मा हे मिक्स्ड मॉडेलचं सॉफ्टवेअर घेतलं असतं, पूर्ण नात्यांचा तक्ता बनवून. जीसीटीएमध्ये ज्या क्रोमोसोमची टेस्ट चालू आहे तो तक्त्यातून वगळायचा पर्याय आहे, तो घ्याच, नाहीतर मार्कर स्वतःशीच स्पर्धा करतो आणि खरा सिग्नल दबतो. केस-कंट्रोल जवळपास समसमान आहेत म्हणून ०-१ वर लिनियर मॉडेल चालून जातं, परिणामाचा आकडा ऑड्स रेशोमध्ये (आजाराचा संभव किती पट होतो त्याचं माप) हवा असेल तर नंतर निवडक मार्करवर लॉजिस्टिक करा. आणि मिक्स्ड मॉडेल लावूनही लॅम्डा १.०८-१.१० वर अडकला तर परत प्लेटच्या यादीकडे जा. मॉडेल नाती आणि गट सांभाळतं, मशीनची चूक सांभाळत नाही.

वय, लिंग, पीसी हे कोव्हेरिएट (निकालावर परिणाम करू शकणाऱ्या इतर गोष्टी) मॉडेलमध्ये घाला. बीएमआय घालताना मात्र विचार करा. एफटीओ जीनचं उदाहरण बघा, युरोपमध्ये त्याचा डायबेटिसशी संबंध लठ्ठपणामार्फत समजावला गेला होता, पण २००९ मध्ये पुणे आणि म्हैसूरच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात बीएमआय हिशेबात धरूनही तो संबंध नाहीसा झाला नाही. म्हणजे बीएमआय घालून आणि न घालून, दोन्ही निकाल वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दोन्ही चालवा, दोन्ही लिहा.

अपेक्षेबद्दलही बोलून घेऊ, कारण इथे मुलं निराश होतात. जिनोमभर तपासताना पी व्हॅल्यू (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०००००००५ च्या खाली लागते. १६०० केस आणि १४०० कंट्रोलमध्ये, ३० टक्के फ्रिक्वेन्सीचा मार्कर ज्याचा ऑड्स रेशो १.२ आहे, तो ही रेषा ओलांडायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे. डायबेटिसचे बहुतेक ज्ञात मार्कर यापेक्षाही कमजोर आहेत. पण तोच रेशो १.४ असेल तर शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणूनच टीसीएफ७एल२ हा तुमचा तपासणीचा दगड. हा जीन २००६ मध्ये आइसलंडच्या लोकांमध्ये सापडला आणि २००७ मध्येच पुण्याच्या लोकांवर त्याचा ठळक संबंध दाखवला गेला. दहाव्या क्रोमोसोमवर, त्यातला मार्कर आरएस७९०३१४६. तुमच्या निकालात तो रेषा ओलांडेल न ओलांडेल, पण दिशा बरोबर आणि पी व्हॅल्यू बरीच खाली असायला हवी. तो सपाट दिसला तर नवीन जीन शोधण्याआधी फेनोटाइपची (कोण पेशंट, कोण कंट्रोल याची) फाइल आयडीशी नीट जुळलीये का ते बघा. एका ओळीने सरकलेली एक्सेल शीट मी पाहिलीये, सगळं शास्त्र बरोबर होतं आणि माणसं चुकीची होती.

इम्प्युटेशन (चिपवर नसलेले मार्कर अंदाजाने भरणं) कराल तेव्हा दोन गोष्टी. पहिली, बिल्ड, म्हणजे चिपवरच्या मार्करच्या जागा जिनोमच्या नकाशाच्या जुन्या ३७ व्या आवृत्तीप्रमाणे आहेत की ३८ व्या हे आधी तपासा, आणि ए-टी, सी-जी जोडीचे मार्कर डीएनएच्या कोणत्या स्ट्रँडवर (दोनपैकी कोणत्या धाग्यावर) आहेत ते कळत नसेल तर ज्यांची फ्रिक्वेन्सी ५० टक्क्यांच्या जवळ आहे ते काढून टाका. दुसरी, पॅनेल, म्हणजे ज्यांच्या डेटावरून हा अंदाज बांधायचा ते लोक. १००० जिनोम्स या नेहमीच्या पॅनेलच्या २६ गटांत दक्षिण आशियाचे पाच आहेत, ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू व श्रीलंकन तमिळ. महाराष्ट्रातला एकही नाही. नेहमी आढळणाऱ्या मार्करला फार फरक पडत नाही, दुर्मिळांवर विश्वास ठेवू नका, क्वालिटीचा आर-वर्ग ०.८ च्या खाली असेल तर दुर्मिळ मार्कर मी तरी सोडून देते. मिशिगनचा इम्प्युटेशन सर्व्हर सोयीचा आहे, पण तो अमेरिकेत आहे आणि तुमच्या पेशंटनी सही केलेल्या संमतीपत्रात डेटा देशाबाहेर जाईल असं लिहिलेलं नसेल तर तिथे चढवायचा नाही, आधी एथिक्स कमिटीला विचारा. स्वतःच्या मशीनवर बीगल हे इम्प्युटेशनचं सॉफ्टवेअर चालवता येतं, वेळ जास्त लागतो एवढंच. जिनोमइंडिया या प्रकल्पाचा दहा हजार भारतीयांचा डेटा फरीदाबादच्या आयबीडीसी या डेटा केंद्रात ठेवलाय, त्यासाठी अर्ज करण्याबद्दल गाइडशी बोला, आपल्या लोकांसाठी पुढे तोच जास्त कामाचा ठरेल.

हेलबद्दल, ते स्पार्कवर (काम अनेक मशीनवर वाटणारी यंत्रणा) चालतं आणि लाखो लोकांच्या पूर्ण सिक्वेन्सिंगसाठी खरंच उत्तम आहे, पण तुमच्या ५०० एमबीसाठी ते बसवण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात क्यूसी (वरची सगळी तपासणी) होऊन जाईल. आर सोडू नका, चित्रं त्यातच काढा, आणि पुढे पॉलीजेनिक स्कोअर (अनेक मार्करची बेरीज करून काढलेला धोक्याचा आकडा) करायचे झाले तर बिगएसएनपीआर हे पॅकेज आरमध्येच आहे. लिनक्सचं दडपण घेऊ नका, या कामाला पंधरा-वीस कमांड लागतात, महिनाभरात हात बसतो. फक्त प्रत्येक कमांड एका स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून मगच चालवा, थेट टर्मिनलवर नाही, कारण दोन वर्षांनी रिव्ह्यूअर विचारतो की ११२ माणसं कुठल्या पायरीला गळाली. आणि निकालाची फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेप्ट२, मार्च१ या जीनच्या नावांच्या तारखा व्हायच्या, शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जीनचीच नावं बदलली.

आता उद्या सकाळी काय करायचं, तर लॅबला प्लेटच्या यादीसाठी मेल टाका. ती येईपर्यंत किंग चालवून ठेवा आणि किती जोड्या ०.०८८ च्या वर येतात ते मोजा. मग पीसीएची ती तीन चित्रं, आयडी आणि नावं काढून, इथेच टाका. लॅम्डा कुठून येतोय ते बघून सांगते.